सोन्याचा पाळणा आणि डोंगरावरची शाळा

जालना जिल्ह्यातील सुखवस्तू कुटुंबात मूल पाचवीत गेले की एक प्रश्न उद्भवतो, दिवाळीच्या फराळाबरोबर तो पाहुण्यांसमोर मांडला जातो आणि मार्चअखेरीस आयकराचा हिशेब लागल्यावर निकाली निघतो. तो असा की, मुलाला डोंगरावरच्या एखाद्या नामवंत निवासी शाळेत ठेवावे की जालन्यातच राहू द्यावे. निवासी शाळा म्हणजे जेथे मूल शिकते, जेवते, झोपते, आजारी पडते आणि रडते, व या पाचही क्रियांचे शुल्क पालकांकडून आगाऊ घेतले जाते, अशी संस्था. आणि नामवंत म्हणजे जिचे नाव शेजाऱ्याला आधीपासून ठाऊक असते, ती. या दोन व्याख्यांपैकी दुसरी अधिक महत्त्वाची मानली जाते, कारण शेजाऱ्याला ठाऊक नसलेल्या शाळेत मूल घातल्यास शिक्षण कदाचित होते, पण खर्च मात्र वाया जातो.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची ओळख बियाणे, पोलाद आणि मोसंबी या तीन मालांनी झालेली आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांतून निघणाऱ्या सळ्या राज्यभरातील स्लॅबमध्ये जाऊन पडतात. आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापारी पेठेत आजही अभिमानाने ऐकवली जाते. पालना म्हणजे पाळणा. मात्र सोन्याचा पाळणा परवडू लागला की त्यातले मूल उचलून दुसऱ्या जिल्ह्यात ठेवण्याची घाई होते, हा या म्हणीचा उत्तरार्ध असून तो अद्याप प्रचारात आलेला नाही.

घर सोडून जाण्याची परंपरा तशी येथे जुनीच आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर हा मुलगा बाराव्या वर्षी लग्नमंडपातून ‘सावधान’ हा शब्द ऐकताच निघून गेला, नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे राहिला, पुढची बारा वर्षे देशभर हिंडला आणि समर्थ रामदास या नावाने प्रसिद्ध झाला, असे परंपरा सांगते. प्रवेशाचे वय जवळजवळ आजच्याइतकेच होते, शुल्क नव्हते आणि पालकभेट चोवीस वर्षांनी झाली, तोवर आईची दृष्टी गेलेली होती. या प्रकरणात घर सोडण्याचा निर्णय मुलाने स्वतः घेतला होता. आधुनिक पद्धतीत हा दोष दूर करण्यात आला आहे.

डोंगरावरच्या शाळेचा खरा वंशवृक्ष मात्र जांबला नव्हे, तर ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हिरवळीवर सापडतो. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि १८७५ साली सुरू झालेले अजमेरचे मेयो कॉलेज या संस्था संस्थानिकांच्या मुलांसाठी निघाल्या, आणि त्यांच्यामागचा हेतू असा होता की, राजपुत्राने रेसिडेंटसमोर नीट बसावे, घोड्यावर नीट बसावे आणि गादीवर बसल्यावर फारशी हालचाल करू नये. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची आजची सिंधिया शाळा १८९७ साली ‘सरदार स्कूल’ म्हणून सुरू झाली, कारण राजपुत्रांची सोय लागल्यावर सरदारपुत्रांचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. १९३५ साली डेहराडूनला डून स्कूल उघडले तेव्हा पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे इंग्लंडच्या ईटन शाळेतून आणले गेले. महाराष्ट्रापुरते पाहता सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीत ही सारी हवा एकवटली, आणि तेथील सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने रंगमंचावर गाऊ लागला, ही माहिती प्रवेशाचा विचार करणाऱ्या प्रत्येक पालकाला असते. मात्र आपल्या मुलाने गाणे गावे, असे त्यांपैकी कोणालाही वाटत नाही.

संस्थाने विलीन झाली, परंतु सरदार संपले नाहीत. जालन्यात आज अडत दुकानदार, कंत्राटदार, बियाण्यांचे वितरक, डॉक्टर आणि समृद्धी महामार्गात जमीन गेल्याने एकदाच श्रीमंत झालेले शेतकरी असा हा वर्ग आहे. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे काही गुरुजीही मोडतात, आणि सरकारी शाळेची गुणवत्ता आतून ठाऊक असल्यामुळे या प्रश्नावर तेच सर्वांत निःशंक असतात. शिस्त, इंग्रजी, व्यक्तिमत्त्वविकास आणि ओळखी ही चार कारणे या वर्गाकडून सामान्यतः दिली जातात. शिस्तीविषयी असे दिसते की, वडिलांना स्वतःच्या हातातला मोबाइल खाली ठेवता येत नसल्यामुळे मुलाच्या हातातला काढून घेण्याचे काम शेकडो किलोमीटरवरच्या गृहपालाकडे सोपवावे लागते. व्यक्तिमत्त्वविकास म्हणजे घोडेस्वारी, पोहणे आणि काट्या-चमच्याने जेवणे. पैकी घोडा जालन्यात वरातीपुरता उपलब्ध असतो, पोहण्यापुरते पाणी बहुतेक उन्हाळ्यांत उपलब्ध नसते आणि ज्वारीची भाकरी काट्याने मोडता येत नाही, त्यामुळे हे व्यक्तिमत्त्व विकसित होऊन परतले तरी ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरतो. इंग्रजीबद्दल वाद नाही. सुटीत घरी आलेला मुलगा आजीशी इंग्रजीत बोलतो आणि आजीला ते समजत नाही, हेच शुल्क कारणी लागल्याचे प्रमाणपत्र समजले जाते. राहता राहिल्या ओळखी. मोठमोठ्यांच्या मुलांशी ओळख व्हावी म्हणून जालन्याचा वितरक मुलाला पाचगणीला धाडतो, त्याच हेतूने लातूरचा कंत्राटदार आणि नगरचा डॉक्टर आपापल्या मुलांना तेथेच धाडतात, आणि अशा रीतीने एरवी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, फुकट झाली असती ती ओळख पाचगणीच्या टेबललँड पठारावर सशुल्क होते.

शुल्काची चर्चा या वर्गात अशिष्ट मानली जात असली तरी अभ्यासकाला ती टाळता येत नाही. डेहराडून किंवा ग्वाल्हेरच्या दर्जाच्या शाळेचा वर्षाचा खर्च आज दहा लाख रुपयांच्या पुढे आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, म्हणजे शासनाने जाहीर केलेला किमान आधारभूत दर, क्विंटलला ७,५२१ रुपये होता; त्या भावाने दहा लाख रुपये उभे करायला सुमारे १३३ क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू कपाशीचा एकरी उतारा पाच-सहा क्विंटल धरला, बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च शून्य धरला, आणि हमीभाव खरोखरच मिळाला असे धरले (अर्थशास्त्रात अशी गृहीतके चालतात), तर एका मुलाच्या एका वर्षासाठी बावीस ते सत्तावीस एकर पांढरे सोने डोंगरावर चढवावे लागते. सोयाबीनवर शिकवायचे झाल्यास त्या हंगामातील ४,८९२ रुपयांच्या हमीभावाने दोनशे चार क्विंटल मोजावे लागतात. मुलाने शेतीत पडू नये म्हणून त्याला बाहेर शिकवले जाते, हे जे सांगितले जाते, त्यात म्हणूनच पुष्कळ तथ्य आहे. त्याच्या शिक्षणानंतर शेती उरण्याचा संभव कमी असतो.

जालन्यात २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली, आणि तेथे येणाऱ्या शेतकऱ्यांना ‘चॉकी’ ही व्यवस्था चांगली परिचित आहे. रेशीमकीटकांच्या कोवळ्या अळ्या दुसरी कात टाकेपर्यंत विशेष केंद्रात, मोजून राखलेल्या तापमानात व दमटपणात, तुतीच्या कोवळ्या पाल्यावर वाढवल्या जातात आणि मग शेतकऱ्याच्या हवाली होतात, त्या अवस्थेला चॉकी म्हणतात. निवासी शाळेत हा क्रम तेवढा उलटा आहे, म्हणजे कोवळी वर्षे घरी काढून अळी नंतर केंद्रात जाते. उर्वरित शास्त्र मात्र तेच राहते. कोषातून पतंग बाहेर पडू दिला तर धागा तुटतो आणि भाव कोसळतो, म्हणून तो बाहेर पडण्याआधीच कोष विकायचा असतो. डोंगरावरून परतलेल्या मुलाने जग पाहावे, परंतु अखेरीस मोंढ्यातील गादीवर बसावे, वडिलांनी ठरवलेल्या घरात लग्न करावे आणि स्वतःचे म्हणून काही बोलू नये, ही अपेक्षा या शास्त्राला धरूनच असते.

यात एक ऐतिहासिक गैरसोय आहे, आणि ती अशी की, महाराष्ट्रातील वसतिगृहांचा सर्वांत मोठा प्रवर्तक त्याच राजकुमारांच्या शाळेतून निघाला. कोल्हापूरचे शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले, पुढे धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली राहिले आणि गादीवर बसल्यावर त्यांनी जी हालचाल केली ती रेसिडेन्सीच्या अभ्यासक्रमात नव्हती: १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले, ज्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव मिळाले. या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. आजची पद्धत याहून सुधारलेली आहे, कारण दागिने आताही मोडले जातात, पण स्वतःच्याच मुलासाठी. शंभर वर्षांपूर्वी बोर्डिंगात राहणे हे गरिबीचे लक्षण होते आणि तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. आता ते श्रीमंतीचे लक्षण आहे आणि पंगतीला एकाच उत्पन्नगटाची मुले बसतात. एवढ्या फरकाला प्रगती म्हणण्यास काही हरकत नसावी.

जिल्ह्यातील मुलांचा दुसरा एक गट दरवर्षी घर सोडतो, परंतु त्याच्याविषयी फराळाच्या वेळी चर्चा होत नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीने निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादम हंगामाआधीच त्या जोडीला ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात. मूल सोबत गेले तर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटात राहते, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते. मागे राहिले तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहते. ही वसतिगृहे शाळेमार्फत केवळ हंगामापुरती चालवली जातात, आणि मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे जाहीर केली, आणि त्या यादीत जालना जिल्हाही आहे.

भूगोलाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, यांतील काही टोळ्या सातारा जिल्ह्यातील कारखान्यांवर जातात आणि पाचगणीही त्याच जिल्ह्यात आहे. म्हणजे थंडीच्या एकाच महिन्यात जालन्याची दोन मुले एकाच परजिल्ह्यात घरापासून दूर राहत असतात; एकाच्या अंगावर शाळेचे चिन्ह असलेला ब्लेझर असतो, दुसऱ्याच्या अंगावर बापाचा जुना स्वेटर असतो. दोघांनाही आईची आठवण येते, परंतु पहिल्याच्या बाबतीत त्या आठवणीला स्वावलंबनाचे शिक्षण म्हणतात आणि दुसऱ्याच्या बाबतीत शाळाबाह्यता. पहिल्याच्या वडिलांनी पैसे आगाऊ दिलेले असतात आणि दुसऱ्याच्या वडिलांनी आगाऊ घेतलेले असतात, याखेरीज दोन्ही व्यवस्थांत फार मोठा फरक दाखवता येत नाही. समाजशास्त्राने या विषयात अद्याप लक्ष घातलेले नसले तरी समाजाने निर्णय केव्हाच घेतलेला आहे.

या दोन मुलांना एका खोलीत आणू शकेल अशी एक निवासी शाळा जिल्ह्यात नाही असे नाही. अंबड येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आकाराला आलेल्या या केंद्रीय योजनेत सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च सरकार करते आणि प्रवेशअर्जालाही पैसे पडत नाहीत. साहजिकच तिला डोंगर नाही, घोडे नाहीत आणि तिची पावती शेजाऱ्याला दाखवण्यासारखी नसते. तरीही तिच्या प्रवेश परीक्षेसाठी सशुल्क शिकवण्या चालतात. त्या परवडणाऱ्या घरांतील मुले जागा मिळवतात, यात गैर काही नाही, कारण परीक्षा सर्वांना सारखीच असते. नियम एवढाच आहे की, मुलाने पाचवीचे संपूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यातील शाळेत शिकलेले असावे, आणि परीक्षा साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत होते, जेव्हा कारखाने पूर्ण जोराने चालू असतात आणि मंठ्याचा कोयता साताऱ्याच्या फडात असतो.