मार्क असूनही वाया गेलेली मुलगी

आमच्या इमारतीत सध्या सुतकी वातावरण आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला नीटमध्ये सरकारी कॉलेज सहज मिळेल एवढे मार्क पडले, आणि तिने दिल्ली विद्यापीठात बीएस्सी बायोमेडिकल सायन्सला प्रवेश घेतला.

मार्क कमी पडले असते तर लोकांनी पोटात घातलं असतं. त्यासाठी आपल्याकडे पक्की उतरंड आहे. एमबीबीएस नाही तर बीडीएस, नाही तर बीएएमएस, मग बीएचएमएस, मग फिजिओ, मग फार्मसी आणि तिथंही हात टेकले की बीएस्सी. २०२४ साली नीटला २३ लाखांवर पोरं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखभर. तेव्हा घरंगळणं क्षम्यच. पण जागा मिळत असताना कुणी हसतमुखाने खाली उतरावं? अशा मुलीला समुपदेशकाकडे नेतात. नेलंही. त्यांनी विचारलं, "बेटा, घरी काही प्रॉब्लेम आहे का?" तोपर्यंत नव्हता.

भेटायला येणारे दारातच आवाज खाली आणतात. "कसं झालं हो?" आईसाठी कुणीतरी पाणी आणतं. तिचं दुःख खरं आहे; लेकीच्या नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली घेऊन दोन वर्षं तिने पोळ्या लाटल्या, नवऱ्याला पुण्यात डब्यावर ठेवून. त्या पोळ्या बीएस्सीसाठी नव्हत्या. "आणि बीएस्सीच करायची तर दिल्ली कशाला," शेजारच्या मावशी हळहळल्या, "ती फर्ग्युसनलाही होते."

चौकातल्या फ्लेक्सवाल्याचीही पंचाईत झाली. त्याच्याकडे पांढरा एप्रन आणि स्टेथोस्कोप असलेलं डिझाइन तयार असतं, फक्त तोंड बदलायचं. मायक्रोपिपेटचं चित्र त्याच्याकडे नाही. शिवाय 'भावी डॉक्टर'च्या जागी काय छापायचं? नगरसेवकांनी आपला फोटो मागे घेतला.

दवाखाना कुठं टाकणार, या प्रश्नापासून चौकशी सुरू होते.

"दवाखाना नाही, प्रयोगशाळा," मुलगी सांगते.

"म्हणजे रक्त काढणार?"

मग ती पेशी, प्रथिनं, एखादं औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला का पडत नाही, हे सगळं जीव तोडून समजावते. सगळे मन लावून ऐकतात. "बरं, आणि रक्त काढून झाल्यावर?"

वडील हिशेबी माणूस. अभिमत विद्यापीठात एमबीबीएसला वर्षाकाठी वीस-पंचवीस लाख मोजणं ही त्यांच्या लेखी गुंतवणूक. इकडे पुढं पीएच.डी.ला जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, तेही कधीकधी महिनोन्‌महिने रखडून. त्यांची काळजी अगदीच खोटी नाही, हे मलाही कबूल. पण त्यांची खरी शंका निराळी आहे : ज्या शिक्षणाला आपण पैसे द्यायचे सोडून तेच आपल्याला देतात, त्यात काहीतरी खोट असणार.

मुलीने बचावासाठी हाफकिनचं नाव काढलं. परळची हाफकिन संस्था सगळ्यांना ऐकून माहीत. हाफकिन म्हणजे कुणीतरी इंग्रज डॉक्टर, असं इमारतीतल्या काकांनी ठामपणे सांगितलं. ते इंग्रजही नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. ओडेसाला शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून नि तीन शिपाई एवढ्या फौजेवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. "बघ," काका म्हणाले, "डॉक्टर असते तर पेशंटला टोचली असती." पुढं १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, ठपका हाफकिनवर आला आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. एवढं मात्र काकांना ताबडतोब पटलं. डिग्री नसली की असंच होतं.

मग तिने करोनाचा विषय काढला. पुण्यातल्याच मायलॅबमध्ये विषाणूतज्ज्ञ मीनल भोसले भरल्या दिवसांत तपासणीच्या किटवर काम करत होत्या. १८ मार्च २०२० ला किट राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे (एनआयव्ही) पडताळणीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. २२ तारखेला आमच्या इमारतीने गॅलरीत उभं राहून थाळ्या बडवल्या. डॉक्टरांसाठी, नर्सांसाठी, पोलिसांसाठी. योग्यच केलं. प्रयोगशाळेतलं कुणी त्या वेळी आठवलं नाही, मग वर्षभर मावशी मात्र घरोघर फोन करून विचारत होत्या, "सीटी व्हॅल्यू किती आली?"

"बाळ झालं का सुखरूप?" मावशींनी आता विचारलं. हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कुठल्या डॉक्टरकडे?"

लग्नाच्या आघाडीवर एका एम.डी. मुलाच्या घरून विचारणा आली होती, ती थंडावली आहे. त्यांना स्वतःचं हॉस्पिटल काढायचंय, आणि पाटीवर दुसरं नाव हवंय. जिना उतरताना मुलाच्या आईने साखरेचा रिपोर्ट मात्र या मुलीकडूनच वाचून घेतला.

काकांनी आशा सोडलेली नाही. २०२२ पासून नीटला कमाल वयाची अट उरलेली नाही, हे त्यांनी कात्रण दाखवून सिद्ध केलं. तिने खुशाल बीएस्सी करावी, एमएस्सी करावी, पीएच.डी.सुद्धा उरकावी. लातूरची खोली त्यांनी आईला सोडू दिलेली नाही.