हास्यखात्याचे दफ्तरदार

माणसाला हसविण्याची सामग्री ज्या घरात कपाटेच्या कपाटे भरून ठेविलेली आहे, त्या घरात निदान एखादा तरी हसरा चेहरा दृष्टीस पडेल, अशी भाबडी अपेक्षा बाळगून जर कोणी तंजावरच्या मेल वीदीतील जुन्या मराठी घरांपैकी एखाद्याची पायरी चढला, आणि दैवयोगाने ते घर रीळसंग्राहक रायरांचे निघाले, तर त्या बिचाऱ्याच्या तोंडाला पाने पुसली गेलीच म्हणून समजावे. चॅप्लिन, कीटन, लॉरेल आणि हार्डी यांच्या फिती जन्मभर गोळा करणारा हा गृहस्थ त्या पाहून कधी हसला आहे, असे त्याच्या कुटुंबीयांपैकीही कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पडद्यावर लठ्ठ हार्डी पाण्याच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडतो आणि सारी ओसरी हसून लोळू लागते, त्या क्षणी रायर चष्मा कपाळावर सारून, खाली वाकून, प्रोजेक्टरच्या गेटमधून फीत सरळ उतरते आहे की कोठे डुगडुगते आहे, याची पाहणी करीत असतात.

रायर या नावाने मी ज्यांचे वर्णन करीत आहे ती कोणी एक व्यक्ती नव्हे. तंजावर, कुंभकोणम आणि तिरुचिरापल्ली या पट्ट्यात अधूनमधून आढळणारा तो एक वर्ग आहे. या वर्गातला माणूस बहुधा रेल्वेच्या, बँकेच्या किंवा महसुलाच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेला असतो. नेसूचे वेष्टी पांढरेशुभ्र, कपाळी गोपीचंदन, खिशात भिंग, आणि उजव्या हातात सुती मोजा. डाव्या हाताचा मोजा नातवाने कोठेतरी हरविलेला असतो. इतर ठिकाणचे लोक छंद म्हणून संग्रह करतात. रायर तो वहिवाट म्हणून करतात. आणि ही वहिवाट साधीसुधी नव्हे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेले राज्य, गादीला पुत्र नाही एवढे निमित्त करून, कंपनी सरकारने १८५५ साली खालसा केले. राज्य गेले, पण दफ्तर राहिले. ज्या सरफोजी महाराजांनी देशोदेशीचे ग्रंथ, चित्रे आणि शस्त्रवैद्यकाची उपकरणे जमवून सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव वाढविले, आणि १८०३ साली भोसले कुळाचा साद्यंत वृत्तांत मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून ठेविला, त्यांच्या पदरी ज्यांचे पूर्वज शिरस्तेदार किंवा कारकून होते, त्यांच्या वंशजांना आज हिशेब ठेवण्यासाठी राज्य उरले नसेल, तर त्यांनी काय करावे? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. पणजोबांनी मोडी कागदांचे रुमाल बांधले. रायर चारशे फुटांची रिळे बांधतात.

रायरांची नोंदवही हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिच्यात प्रत्येक फितीचा क्रमांक, रुंदी, लांबी फुटांत, जोड किती, ओरखडे उभे की आडवे, आणि वास कोणता, असे रकाने आखलेले असतात. चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी १९१६ आणि १९१७ या दोन वर्षांत जे बारा लघुपट केले, त्यांपैकी ‘द रिंक’ या खेळाविषयीची नोंद मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे. चाकांचे जोडे घालून चार्लीने जी अद्भुत घसरगुंडी केली, जिच्यावर शंभर वर्षे जग हसत आले आहे, तिचा तपशील असा होता: ‘पतने, स्त्री-पुरुष मिळून, अकरा. पैकी दोन जोडामुळे अपूर्ण. एक संशयित.’ संशयित पतन म्हणजे काय, असे मी विचारले असता, तो मनुष्य पडला की फीत उडी मारून पुढे गेली, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे, असे मला गंभीरपणे सांगण्यात आले.

या संग्रहाचा उगम कोठून, असे विचारण्याचा मोह पाहुण्याने आवरावा, कारण रायर तो थेट १९०५ सालापासून सांगू लागतात. त्या साली तिरुचिरापल्लीच्या रेल्वे कचेरीतील नक्षाकार सामिकण्णू विन्सेंट यांनी द्यूपाँ नावाच्या एका फ्रेंच खेळवाल्याकडून प्रोजेक्टर आणि फिती विकत घेतल्या, नोकरीवर पाणी सोडले, आणि तंबू घेऊन ते गावोगाव चलच्चित्रांचे खेळ करीत हिंडले. इथपर्यंत सारे इतिहासाला धरून आहे. परंतु विन्सेंटसाहेबांच्या सामानातील एखादे रीळ तंजावरातच मागे राहिले असले पाहिजे, हा जो रायरांचा पुढचा सिद्धान्त, त्याला ‘तिरुचीहून पूर्वेकडे निघालेला मनुष्य तंजावर टाळून जाणार कोठे?’ याखेरीज दुसरा आधार नाही. या एका प्रश्नाच्या बळावर त्यांनी गावातील किती माळे धुंडाळले, आणि किती विधवा आजीबाईंच्या ट्रंका नवऱ्याच्या विम्याची कागदपत्रे पाहतो म्हणून उघडविल्या, याची नोंद मात्र वहीत नाही.

प्रत्यक्षात त्यांची रिळे फार सामान्य मार्गांनी आली. काही तिरुचीजवळच्या पोन्मलईतील रेल्वे वसाहत सोडून परदेशी गेलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांनी मागे टाकली. काही मद्रासच्या मूर मार्केटात, ते १९८५ साली जळण्यापूर्वी, मिळाली. आणि एकदा मुंबईस भाचीच्या लग्नाला म्हणून गेलेले रायर मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात नव्हते, ते चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एका भंगारवाल्याशी घासाघीस करीत होते. भंगारवाल्याचा हिशेब साधा असे. जुन्या कृष्णधवल फितीवरील थरात चांदी असते. फीत धुतली की चांदी निघते, आणि उरलेला सेल्युलॉइड बांगड्यावाल्याला विकता येतो. आपल्या देशातील मूकपटांचा मोठा हिस्सा असाच बायकांच्या मनगटांवर गेला. त्यामुळे वाटेत एखाद्या बाईच्या हातातील जुन्या बांगड्यांकडे रायर ज्या तल्लीनतेने टक लावून पाहतात, तिचे मूळ केवळ विद्याव्यासंगात आहे, हे मी त्यांच्या चारित्र्याच्या रक्षणार्थ येथे नमूद करून ठेवितो.

महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्याहून, कोणी पाहुणा आला म्हणजे रायरांचा आवाज फिर्यादीचा होतो. कॉफीचा डबरा पाहुण्याच्या हाती देत असतानाच ते विचारतात, “आपण पुण्याकडचे ना? मग ‘पिठाचे पंजे’ कोठें ठेविलें तुम्ही?” पाहुणा गोंधळतो. दादासाहेब फाळक्यांनी मोठ्या चित्राच्या जोडीला दाखविण्यासाठी १९१४ च्या सुमारास या नावाचा एक विनोदी लघुपट केला होता, त्याची फीत आज पाहावयास मिळत नाही, आणि रायरांच्या मते त्याबद्दल यच्चयावत महाराष्ट्र जबाबदार आहे. “राजा हरिश्चंद्र १९१३ च्या मे महिन्यांत कोरोनेशन थिएटरांत लागला, तेव्हां त्यासोबत विनोदी फिती होत्या, नाच होता, पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू होता. हरिश्चंद्राचीं दोन रिळें तरी राहिलीं. हंसण्याचें काय राहिलें?” पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर नावाच्या गृहस्थाने सारा जन्म त्यात घालविला, असा बचाव पाहुण्याने केला, तर रायर मान हलवितात. नायरांविषयी त्यांना निस्सीम आदर आहे, पण ते मूळचे केरळचे, तेव्हा पुण्याला त्याचे श्रेय घेता येणार नाही, हे ते पाहुण्याच्या ध्यानात आणून देतात.

तमिळ चित्रपटांच्या बाबतीत त्यांचे मत याहूनही धोक्याचे आहे. १९३९ साली ‘सिरिक्कादे’ या नावाखाली काही छोटे विनोदी खेळ एकत्र गुंफून दाखविण्यात आले होते, ते त्यांना मान्य. पण तेथून पुढे विनोद मोठ्या चित्रांच्या पोटात शिरला, आणि एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मदुरम या जोडप्याची स्वतंत्र प्रहसने पौराणिक आणि भक्तिपर कथांच्या मधोमध विखुरली गेली. आता १९४४ चा ‘हरिदास’ घ्या. कथा पुंडलिकाची, म्हणजे आपल्या भक्तिविजयातली, नायक एम. के. त्यागराज भागवतर, म्हणजे मायावरमचे, जुन्या तंजावर जिल्ह्याचे भूषण. चित्र मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या पाहून उतरले. आजही या भागातील वृद्ध मंडळी त्या गाण्यांच्या नुसत्या उल्लेखाने डोळे मिटतात. अशा मंडळींच्या भर बैठकीत रायरांनी एकदा विचार मांडला, की भागवतरांची गाणी कापून काढली तर कृष्णन-मदुरम यांचे प्रवेश जोडून उत्तम दोन रिळांचा खेळ तयार होईल. त्या दिवसापासून एका संगीत सभेच्या निमंत्रणपत्रिका त्यांच्या घरी येईनाशा झाल्या.

घरातील मुख्य कलह वासाचा. फितीचा पाया जुन्या काळी नायट्रेटचा असे, आणि तो एकदा पेटला की पाण्याखालीही विझत नसे; तशी फीत घरात आणणार नाही, असे रायरांच्या मातोश्रींनी देवापुढे वदवून घेतले होते, आणि रायरांनी ते पाळले. त्यांचा संग्रह सोळा मिलिमीटरच्या सुरक्षित फितीचा, जी कोडॅकने १९२३ पासून घरगुती खेळांसाठी विकावयास काढली. पण सुरक्षित फीतही अमर नसते. कावेरीकाठच्या दमट हवेत तिचा असिटेटचा पाया कुजू लागतो आणि त्यातून सिरक्याचा झणझणीत आंबट दर्प सुटतो; फीत आक्रसते, वाकडी होते, आणि एका डब्याचा रोग शेजारच्या डब्याला लागतो. यामुळे रायर रोज सकाळी संध्येनंतर एकेक डबा उघडून नाकाशी धरतात. त्यांच्या कुटुंबाने याविषयी जे धोरण स्वीकारले आहे ते कोणाही दिवाणाला शोभेल असे आहे: वास आल्याबद्दल त्या तक्रार करीत नाहीत; फक्त सांबार नासले की रिळे नासली याचा उलगडा होईपर्यंत स्वयंपाकघरातील चूल पेटत नाही. रायर उलगडा फार लवकर करतात.

वर्षातून काही वेळा खेळ होतो. ओसरीवर वेष्टी ताणून बांधलेले असते, जरीचा काठ खाली येईल असे, त्यामुळे कीटनच्या पायांखालची जमीन नेहमी सोनेरी दिसते. मूकपटाला वाद्य हवे, म्हणून पुतण्या मृदंग घेऊन बसतो. येथे वाद ठरलेला. मूकपट सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या चालीने घेतलेला. बोलपटाच्या यंत्रावर चोवीसच्या चालीने सोडला तर माणसे मुंग्यांसारखी पळतात. रायर चाल कमी करतात; पुतण्याची लय चढत जाते; ‘ईझी स्ट्रीट’मधील दांडगा गॅसचा दिव्याचा खांब वाकवून दाखवीत असतो, आणि त्याच वेळी मृदंगाचे तनि आवर्तनम् सुरू होऊन श्रोते पडद्याकडे पाठ करून हातावर ताल देऊ लागतात. लॉरेल-हार्डींचा ‘द म्युझिक बॉक्स’, १९३२ चा, ऑस्कर मिळविलेला, हा शेवटचा खेळ. तो तीन रिळांचा. रायरांजवळ पहिले आणि तिसरे आहे. पहिल्यात दोघे एक पियानो उंच जिन्यावरून वर नेऊ लागतात. तिसऱ्यात तो घरात असतो. गल्लीतील दोन पिढ्या हा पियानो वर कसा पोहोचला याची कल्पना करीत वाढल्या आहेत, आणि माझ्या मते त्यांच्या कल्पना मूळ रिळाहून सरस आहेत.

या मनुष्याला वेडा ठरविणे सोपे आहे, आणि गावाने ते काम केव्हाच उरकले आहे. पण चॅप्लिनने पोलिसाचे छोटे काम केलेला १९१४ चा ‘अ थीफ कॅचर’, जो हरवला म्हणून सारे धरून चालले होते, तो २०१० साली अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका संग्राहकाच्या हाती लागला. आणि लॉरेल-हार्डींच्या १९२७ च्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’तील मलईच्या थाळ्यांचे महायुद्ध, ज्याचे दुसरे रीळ कित्येक दशके तुकड्यांतच पाहावयास मिळत होते, ते २०१५ साली असेच एका खाजगी संग्रहातून जवळजवळ संपूर्ण बाहेर आले. मोठमोठ्या कंपन्यांनी जे फेकले ते कोणा तरी रायराने खाटेखाली ठेविले होते. या दोन्ही बातम्यांची कात्रणे रायरांनी देवघरात चिकटविली आहेत.

हल्ली त्यांचे मन व्यग्र आहे ते कुंभकोणमच्या प्रकरणाने. तेथे याच वर्गातील दुसरे एक रायर राहतात, आणि ‘म्युझिक बॉक्स’चे दुसरे रीळ त्यांच्याजवळ आहे. संबंध प्रथमपासून ताणलेले. कोडॅक आपल्या फितीच्या काठावर सालाची खूण छापीत असे. १९१७ ची खूण चौकोन. आपल्या ‘द इमिग्रंट’च्या फितीवर चौकोन आढळताच तंजावरच्या रायरांनी ती चित्राच्याच वर्षीची मूळ प्रत असल्याचे घोषित केले, पेढे वाटले. कुंभकोणमहून पोस्टकार्ड आले: खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, चौकोन १९३७ चा किंवा १९५७ चाही असू शकतो, आणि १९१७ साली सोळा मिलिमीटरची फीत जन्मालाच आली नव्हती. पोस्टकार्ड उघडे असल्याने पोस्टमनने ते वाटेत साऱ्या वीदीला वाचून दाखविले होते.

तरीही रीळ हवेच. म्हणून मध्यस्थांमार्फत तहाची बोलणी सुरू झाली, आणि कलमे लेखी ठरत गेली. पहिले: दुसऱ्या रिळाच्या बदल्यात तंजावरने कीटनचा ‘कॉप्स’ द्यावा. दुसरे: दोन्ही फिती उभयपक्षी मान्य अशा त्रयस्थाने फुटाफुटाने मोजाव्यात. तिसरे: जोडांची संख्या लपविल्यास तह रद्द. चौथे: चौकोनाचा विषय कोणीही काढू नये. ही चारही कलमे मंजूर होऊन त्यांवर सह्या झाल्या आहेत. घोडे अडले आहे पाचव्यावर. कुंभकोणमचे म्हणणे, आपण रीळ देऊ, पण त्याचा पत्र्याचा डबा देणार नाही. डब्यावर त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरात मोडीत नाव लिहिलेले आहे. तंजावरचे म्हणणे, डब्यावाचून रीळ म्हणजे सनदेवाचून इनाम. दोन्ही पक्षांनी मोडी वाचणारा मनुष्य शोधावयास माणसे पाठविली आहेत, कारण डब्यावर नेमके काय लिहिले आहे ते दोघांपैकी एकालाही वाचता येत नाही.