दोन झाकणं ऑइल

पुण्यात तुमची गाडी रस्त्यात बंद पडली, की तिसऱ्या किकेच्या आत एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहतात. वय सत्तरीच्या आसपास, खिशात पॉलिश पेपरचा तुकडा. हे चेतकवाले काका. काका मदतीला येत नाहीत, निदानाला येतात. "चोक ओढू नका, ओव्हरफ्लो होईल," हे ते तुम्ही चोक ओढल्यावर सांगतात.

प्लग काढून ते डॉक्टर जीभ बघतो तसा बघतात. टोक तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत, दोष तुमच्या किकेत. काळं, ओलं असेल तर ऑइल जास्त झालंय. पांढरट दिसलं की मात्र काकांचा आवाज खाली येतो. "पेट्रोल कमी पोचतंय. पिस्टन धरेल एक दिवस." मग घासणं, फुंकर मारणं आणि 0.6 मिलिमीटरची फट हॅक्सॉच्या पात्याने बघणं. तोवर तुमचं ऑफिस सुटलेलं असतं.

काकांची स्वतःची चेतक आकुर्डीची, टू-स्ट्रोक. नंबर वडिलांनी लावला होता. गाडी हातात आली तोवर काकांचं लग्न होऊन गेलं होतं. आता ती गाडी कुठे जाण्यासाठी आहे असा समज करून घेऊ नये. तिच्यावरून ते पंपावर जातात आणि नाना पेठेत स्पेअर पार्ट आणायला जातात, म्हणजे तिच्याच कामाला.

पंपावर "शंभरचं टाका" म्हणणारा माणूस काकांच्या लेखी अडाणी. लिटरला 20 मिली ऑइल, हा हिशोब रुपयांत बसवायचा कसा? म्हणून काका मोजून दोन लिटर मागतात. टू-टी ऑइलची बाटली घरची. पंपावरच्या ऑइलवर आणि बहुतेक मानवजातीवर त्यांचा विश्वास नाही. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण. लिटरला दोन झाकणं. शेवटचा थेंब पडेपर्यंत झाकण उपडं धरून ठेवायचं. मग टाकी बंद करून, हँडल धरून, गाडी गदागदा हलवायची, कारण ऑइल नीट मिसळलं पाहिजे. मागे आठ-दहा जण हॉर्न वाजवत असतात. काका वळून एवढंच म्हणतात, "घाई असणाऱ्यांनी सायकल घ्यावी."

सोसायटीतल्या पोराने एकदा धुराबद्दल तक्रार केली. काका म्हणाले, "अरे, तुझ्या फोर-स्ट्रोकमध्ये तेच ते ऑइल महिनोन् महिने फिरतं. शिळं! आमच्यात थेंब जळला की गेला, पुढचा ताजा. धूर त्या ताजेपणाचा आहे." तांत्रिकदृष्ट्या यातलं धुराचं वाक्य सोडून बाकी सगळं बरोबर आहे, हीच काकांशी वाद घालण्यातली अडचण.

हल्ली मात्र त्यांना खरी चिंता आहे ती 20 टक्के इथेनॉलची. ते पाणी ओढून घेतं, जुनी रबरी नळी फुगते. "साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आता माझ्या कार्बोरेटरमध्ये सुरू झालाय," असं ते कट्ट्यावर सांगतात. गाडी चार दिवस उभी राहणार असली, की कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून टाकतात. आजारी पडले होते तेव्हा काकूंकडून फोनवर करवून घेतलं. काकूंचा हात आता बसलाय, पण त्यांना अजून प्लगला हात लावायची परवानगी नाही.

2020 मध्ये चेतक विजेवर आली, तेव्हा काका नावाखातर शोरूममध्ये गेले. सेल्समन उत्साहाने सांगत होता: प्लग नाही, कार्बोरेटर नाही, टू-टी नाही. काकांनी वाकून गाडीखाली पाहिलं.

"बंद पडली तर काय उघडायचं?"

"काही नाही काका, आम्हाला फोन करायचा."

"आणि तुम्ही येईपर्यंत मी काय करायचं?"

याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. तरी काकांनी ते मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पंपावर त्याचं नरसाळं करून ते टाकीत ऑइल ओतत होते.