फक्त रहिवाशांसाठी

वहिनी, जरा थांबा ना. कपडे काय, मागाहून वाळतील. तुमच्याकडे आला का तो सह्यांचा कागद? अहो, आपल्या गल्लीत बाहेरच्यांना गाड्या लावू देऊ नका, फक्त रहिवाशांना स्टिकर द्या, अशी मागणी करायची म्हणे महापालिकेकडे. कोपऱ्यावरच्या इमारतीतले निवृत्त साहेब घेऊन फिरताहेत. मी म्हटलं, ठेवून जा, वाचते आणि मग सांगते. चेहरा असा केला त्यांनी, जणू मी कर्ज मागितलं. सदाशिव पेठेत राहून कागद वाचल्याशिवाय सही करायची म्हणजे कमालच झाली.

दुखणं खरं आहे, ते कोण नाकारतंय! शनिवार-रविवार आला की लक्ष्मी रोडची आणि तुळशीबागेची सगळी गर्दी आपल्या दारात गाड्या टाकून जाते. घ्यायचं काय, तर परकराला मॅचिंग अस्तर. त्यासाठी चार तास गाडी आपल्या फाटकासमोर. समोरच्या वाड्यावर पाटी आहे ना, ‘गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’, बरोबर तिच्याखाली परवा एक पांढरी गाडी उभी होती. आणि हवा सोडणार कोण? पाटी लावणारे आजोबा आता ऐंशीचे. चाकापाशी वाकले तर उठवायला माणूस लागेल. पी-वन, पी-टूच्या पाट्यांचंही तेच. आज सम तारीख की विषम, हे संकष्टी पाळणाऱ्यांनासुद्धा आठवत नाही.

पण मला सांगा, बाहेरचे म्हणजे नक्की कोण? कागदात लिहिलंय, विजेचं बिल आणि गाडी पुण्याच्या पत्त्यावर नोंदलेली हवी. झालं! माझ्याकडे त्या दोघी राहतात ना, एमपीएससीच्या, त्यातल्या एकीची स्कूटी एमएच २४. म्हणजे लातूरची. पोरगी खाते इथे, झोपते इथे, अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसते इथे, पण बिल माझ्या नावावर. ती बाहेरची. आणि तिसऱ्या मजल्यावरचे ते, बाणेरला राहायला गेलेले? फ्लॅटला कुलूप, बिल चालू, आणि खाली कव्हर घातलेली गाडी करोनापासून जागची हललेली नाही. मांजरीची दोन बाळंतपणं झाली त्या कव्हराखाली. ते मात्र रहिवासी! त्यांना पहिला स्टिकर.

आणि आपले गुरुजी? श्रावणात एका सकाळी तीन पेठांत तीन सत्यनारायण करतात, अ‍ॅक्टिव्हावर. त्यांनी काय प्रत्येक पेठेचा स्टिकर लावायचा? पोळ्यांच्या बाई, तुमच्या सासूबाईंचे फिजिओथेरपीवाले, गॅसवाला… पेठ चालते ती अर्धी बाहेरून येणाऱ्यांवरच.

तुम्ही म्हणाल, हिला काय माहीत. तर ऐका. आमची लेक बॉस्टनला आहे ना, तिथे हे सगळं फार वर्षांपासून आहे. गाडीवर वस्तीच्या नावाचा स्टिकर, आणि रस्त्याकडेला पाटी: फक्त परमिटवाल्या रहिवाशांसाठी. स्टिकर फुकट, आणि एका घराला किती द्यायचे याला मर्यादा नाही. गाडी त्या पत्त्यावर नोंदलेली हवी, राहत असल्याचा पुरावा हवा, दंड थकलेला नसावा, बस्स. मी गेले होते तेव्हा बीकन हिल म्हणून जुनी वस्ती आहे तिथे हिंडलो. विटांची घरं, गॅसचे दिवे, घोडागाडीच्या काळातल्या गल्ल्या. आपल्या वाड्यांसारखंच, गाडीचा विचार कुणी स्वप्नातही केला नव्हता. सगळ्या गाड्यांना स्टिकर, आणि जावईबापू तरी जागेसाठी गोल गोल फिरताहेत. मी म्हटलं, अहो, स्टिकर आहे ना? तर म्हणाले, आई, स्टिकर म्हणजे जागा नव्हे, जागा शोधायचा परवाना.

मग घरी आल्यावर त्यांनी मला एका प्रोफेसरांचं सांगितलं. डोनाल्ड शूप. लॉस एंजेलिसला शिकवायचे, २०२५ मध्ये वारले. बाकीचे लोक ज्याला विषय मानत नाहीत त्या पार्किंगवर या माणसाने आयुष्य घातलं, आणि २००५ मध्ये केवढं तरी जाड पुस्तक लिहिलं की फुकट पार्किंग किती महागात पडतं. त्यांनीच बीकन हिलचा हिशोब मांडला होता. रहिवाशांसाठी रस्त्यावर जागा ९८३, आणि वाटलेले स्टिकर ३,९३३. एका जागेला चार गाड्या! आकडा जुना आहे, पण फुकटात आणि न मोजता वाटलं की काय होतं ते कळायला पुरेसा आहे. कुणी नाही म्हणेल कशाला? जुनी गाडी विकायची राहते, मुलाला दुसरी येते, स्टिकर काय, मिळतोच.

आणि म्हणून तिथे खासगी जागेचे भाव ऐकाल तर चक्कर येईल. बॅक बे म्हणून भाग आहे, तिथे २०१३ मध्ये दोन गाड्यांची जागा लिलावात गेली. करखात्याने थकबाकीपोटी जप्त केलेली. एकामागे एक अशी, म्हणजे पुढची गाडी काढायची तर मागची आधी बाहेर घ्या. वर छप्परसुद्धा नाही, नुसतं डांबर. किती आली असेल बोली? ५,६०,००० डॉलर! त्या वेळच्या भावाने तीन कोटींहून जास्त. आमचे हे म्हणाले, तेवढ्यात कोकणात आंब्याची बाग आली असती. यांचं सगळं कोकणापाशी येतं.

खुर्च्यांची गंमत तर सांगायचीच राहिली. बर्फ पडला की गाडी फावड्याने उकरून काढावी लागते. मग उकरलेली जागा माझी, असं म्हणून लोक तिथे मोडकी खुर्ची, प्लास्टिकचा कोन, इस्त्रीचं टेबल, काय वाट्टेल ते ठेवून जातात. नगरपालिका बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास चालवून घेते, पुढे उचलून नेते. साउथ एंड नावाच्या वस्तीत तर त्यालाही बंदी. मला मेलं हसूच आवरेना. आपल्याकडे दूधवाल्याच्या दुकानासमोर कुंडी, दोन दगड आणि त्यांवर काठी बाराही महिने असते. तिथे निदान बर्फ तरी पडावा लागतो!

नाही, कायदेशीर आहे हो, स्टिकर देणं. साहेबांना तीच भीती होती, कोणी कोर्टात जाईल म्हणून. अमेरिकेत जाऊन झालंय. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन आहे, तिथे ऑफिसांतले लोक शेजारच्या घरांच्या गल्ल्यांत गाड्या लावायचे. काउंटीने रहिवाशांना परमिटं दिली, तर ऑफिसवाले कोर्टात गेले, की हा पक्षपात. व्हर्जिनियाच्या कोर्टाने त्यांचं मान्यही केलं. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. म्हणाले, वस्तीतली गर्दी, गोंगाट, कचरा कमी व्हावा, लोकांनी एकत्र किंवा बसने यावं, यासाठी असा फरक केला तर त्यात काही गैर नाही. आता गंमत अशी, की त्यात बसने यावं हेही होतं. आपल्या कागदात बसचं नाव नाही. पीएमपीला लटकून कोण येणार, हा प्रश्न साहेबांना पडत नाही, कारण त्यांना कुठे जायचंच नसतं.

आणि आपल्याकडे पैशाचं नाव काढा की काय होतं, आठवतं ना २०१८? मार्चमध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. केवढा गदारोळ! रात्री आपल्याच घरासमोर गाडी लावायला पैसे द्यायचे म्हणजे काय, हाच तर मुख्य राग होता. आंदोलनं झाली, घोषणा झाल्या. शेवटी म्हणाले, आधी पाच रस्त्यांवर प्रयोग करू. तो प्रयोग वर्षानुवर्षं कागदावरच. मी तेव्हाही म्हटलं होतं, आणि यांनी मला गप्प केलं होतं, की घरासमोरचा रस्ता घराचा कधीपासून झाला?

हिशोब करून दाखवू? एका गाडीची आखलेली जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. चौरस फुटांत मांडली तर १३५ च्या आसपास. माझी ती मागची खोली याहून लहान आहे, वहिनी. त्यात मी दोन पोरी ठेवते, दोन कॉट, दोन टेबलं, एक पंखा. त्या दर महिन्याला पाच तारखेच्या आत भाडं देतात, आणि उशीर झाला तर ओशाळतात. आणि खाली रस्त्यावर त्यांच्या खोलीपेक्षा मोठी जागा घेऊन बाणेरवाल्यांचं कव्हर बसलंय फुकट. पोरींना कधी म्हणता येईल का, की बाई गं, तू बाहेरची?

बरं, जागा नाही म्हणतात ना सगळे? मग गणपतीत काय होतं? मांडव पडला, लक्ष्मी रोड बंद झाला की दहा दिवस या सगळ्या गाड्या जातात कुठे? कोथरूडला मेहुण्याकडे, सिंहगड रोडला मुलीच्या सोसायटीत, कुणी पैसे देऊन ठेवतं. म्हणजे जागा निघते. फुकट मिळेनाशी झाली की निघते.

मंत्र्यांचं ते ऐकलं होतंत का? २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते, पार्किंगची जागा असल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही. लोक हसले. पण जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवा, पोलीस खात्री करणार, मगच गाडी घरी आणा. रात्रभर रस्त्यावर ठेवायची सोयच नाही. आपल्याकडे पेढे वाटून गाडी आणायची, तिला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि मग खाली मान घालून वॉचमनला विचारायचं, कुठे लावू रे?

आता माझं म्हणणं ऐका, मग तुम्ही तुमचं ठरवा. स्टिकर द्यायला माझी हरकत नाही. पण आधी खडूने जागा मोजा, आणि जेवढ्या जागा तेवढेच स्टिकर. वर्षाचे पैसे घ्या, आणि त्यातून आपलाच फुटपाथ नीट करा, म्हणजे लोकांना दिसेल पैसे गेले कुठे. लंडनमध्ये काही भागांत धूर जास्त सोडणाऱ्या गाडीचं परमिट महाग असतं, दुसऱ्या गाडीला वर आणखी. तसं करा. भाडेकरूला मालकाच्या चिठ्ठीवर स्टिकर मिळावा, मग बिल कुणाच्या का नावावर असेना. बंद फ्लॅटला अजिबात नाही. आणि पाहुण्यांसाठी, गुरुजींसाठी, डॉक्टरांसाठी दोन-दोन तासांच्या थोड्या जागा राखा. आजारी माणसाच्या दारात कायम एक जागा मोकळी.

साहेबांना हे सगळं मी सांगितलं. म्हणाले, ताई, तुम्ही फार खोलात जाता. म्हटलं, तुमच्या घरी गाड्या तीन आहेत, म्हणून तुम्हाला उथळ बरं वाटतं. मग चहा न घेता गेले.

म्हणून तुम्हाला हाक मारली. रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात बैठक आहे. दुसऱ्या गाडीला जास्त पैसे, हा मुद्दा तुम्ही काढा. मी काढला तर म्हणतील, हिच्याकडे गाडीच नाही, हिचं काय जातंय. तुमच्याकडे दोन आहेत. तुम्ही म्हणालात तर ऐकतील.