माल असली है

इंदुरात माणूस सकाळी पोहे-जिलेबी खातो ती भूक लागली म्हणून नव्हे. रात्री सराफ्यात काय खायचं याचा विचार करायला ताकद हवी म्हणून. अशा गावात डॉक्टर मला म्हणाले, "पोट कमी करा आणि प्रोटीन वाढवा." पैकी पहिलं अवघड होतं. दुसरं दुकानात मिळत होतं.

एक किलो व्हे प्रोटीनचा भाव ऐकून मी असा काही चेहरा केला की दुकानदाराला दया आली. त्यानं वरच्या फळीवरून बादलीएवढा डबा उतरवला. "भिया, ये ले जाओ. तीन किलो, शेकर फ्री, और दाम उससे भी कम." डब्यावर दंडाच्या बेटकुळ्या काढलेला पैलवान, ठळक अक्षरांत 'व्हे' आणि त्याखाली 'मास गेनर'. किलोमागे स्वस्त पडतंय म्हटल्यावर आम्ही इंदूरकर आणखी चौकशी करत नाही.

घरी आईनं आधी हिरवा ठिपका शोधला. मग विचारलं, "कशाचं असतं रे हे?" मी रुबाबात सांगितलं की चीज-पनीर करताना जे पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन गाळून, वाळवून त्याची भुकटी करतात.

"म्हणजे पनीरचं पाणी? ते मी कणकेत घालते. फुकट."

डब्यावर लिहिलं होतं, एका वेळी तीन स्कूप, पाण्यातून. स्कूप काही सापडेना, म्हणून आमटीची वाटी घेतली. आणि पाण्यातून पावडर काय प्यायची! म्हशीचं दूध घेतलं, सायीसकट. सकाळी एकदा, रात्री एकदा. दंड फुगण्याची वाट पाहत होतो; फुगलं ते दुसरंच काही, आणि पायजम्याच्या नाडीला ते माझ्याआधी कळलं.

भाची आहारशास्त्र शिकते. ती आली, तिनं डबा हातात घेतला आणि पैलवानाकडे ढुंकूनही न पाहता तो उलटा फिरवला. डब्याला मागची बाजूही असते हे मला तेव्हा कळलं.

"मामा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. इथे पहिलं काय आहे?"

"माल्टोडेक्स्ट्रिन." मला वाटलं, एखादं जीवनसत्त्व असेल.

"पीठच ते, बहुतेक मक्याच्या स्टार्चचं."

"म्हणजे भुट्ट्याचा कीसच की!"

"कीस चवीला तरी बरा असतो."

मग तिनं वही ओढली. प्रोटीनचे ग्रॅम गुणिले चार, कर्बोदकांचेही गुणिले चार, चरबीचे गुणिले नऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं माणसांना बंद खोलीत बसवून त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. हे आकडे त्याच्याच कामातून आले. माझ्या शंभर ग्रॅम पावडरीत प्रोटीन १५, कर्बोदकं ८०, चरबी २. म्हणजे ६० अधिक ३२० अधिक १८, एकूण ३९८ कॅलरी. पाव लिटर म्हशीच्या दुधाच्या पावणेतीनशेच्या आसपास. हे सगळं दोनदा. वर जेवण. वर सराफा.

"आणि प्रोटीन तुला हवं किती? राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते, किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. तू ऐंशी किलोचा, म्हणजे ६६ ग्रॅम." हैदराबादच्या याच संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं आहे, हेही तिनं ऐकवलं. दुकानदाराकडे ही मार्गदर्शिका नसावी.

मी शेवटचं हत्यार काढलं. शेव बेसनाची, आणि शंभर ग्रॅम बेसनात वीसेक ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे माझ्या पावडरीपेक्षा जास्त! रतलामी शेव हेच खरं सप्लिमेंट!

"बेसनाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आता तळणीच्या तेलाला नवानं गुण." मी गुणलं नाही. काही हिशेब न केलेलेच बरे.

तिनं मग माझा औषधांचा खणही तपासला. जीवनसत्त्वांना स्वतःच्या कॅलरी नसतात, पण मी ती चघळायच्या गोळ्यांतून घेत होतो आणि त्यांच्या घटकांत पहिली होती साखर. दिवसाला एक असं लिहिलेलं असताना मी त्या बडीशेपेसारख्या खात होतो. चव चांगली होती.

शेवटी तिनं कोपरापर्यंत हात घालून डब्याच्या तळातून स्कूप बाहेर काढला. आईनं लगेच काटा आणला. तीन स्कूप बरोबर शंभर ग्रॅम भरले. मग माझी आमटीची वाटी भरून ठेवली: १५०. भाचीनं वहीतलं पान फाडलं आणि हिशेब पहिल्यापासून मांडला.

पैसे परत मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही मी अर्धा डबा काखेत मारून दुकानात गेलो. म्हटलं, निदान चार शब्द तरी सुनवावेत.

"क्यों भिया, वज़न बढ़ा?" त्यानंच आधी विचारलं.

"बढ़ा," मी दातओठ खात म्हणालो.

तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि अभिमानानं माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "देखा? माल असली है."

त्या गिऱ्हाइकानं तीन किलोचा डबा घेतला.