पोस्टरवरचा कास्तकार

टीव्हीवरच्या जाहिरातींना मी बधत नाही. त्यातली माणसे खामगावच्या बाजारात कधी दिसत नाहीत. मला गटवायला कृषी केंद्राच्या दारावरचे पोस्टर लागते: छातीएवढी पऱ्हाटी, बोंडांनी लदलेली, शेजारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला कास्तकार, खाली त्याचे गाव, एकरी उतारा आणि मोबाइल नंबर. इस्त्री करून वावरात जाणारा माणूस मी उभ्या बुलडाणा जिल्ह्यात पाहिलेला नाही. तरी दर जूनला माझा विश्वास बसतो.

बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. 2025 च्या हंगामात 475 ग्रॅमच्या बीजी-2 पाकिटाला 901 रुपये. भावात चढाओढ नाही म्हटल्यावर ती वाणाच्या नावात आणि पोस्टरात. खपाचे वाण हवे असेल तर नको असलेली औषधाची बाटलीही गळ्यात पडते. त्याला लिंकिंग म्हणतात.

खऱ्याखोट्याची पारख मला आहे हो. शेगावची कचोरीच घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबाने ती स्टेशनावर सुरू केली, आणि आता पुण्यातल्या पाट्यांवरही शेगाव आहे. ‘ओरिजिनल’, ‘असली’, ‘जुनी व असली’, ‘आमची कोठेही शाखा नाही’. या सगळ्या पाट्या ओलांडून मी एका बिनपाटीच्या गाड्यावर खातो आणि पाहुण्यांना ऐटीत सांगतो, जाणकार इथेच येतात. परवा त्या गाडीवाल्याने पाटी लावली: ‘जाणकारांची पसंती’.

तर, 2016 च्या दसऱ्याच्या सुमारास एका कंपनीचा पोरगा माझ्या पऱ्हाटीचे फोटो काढायला आला. मी मिशीला कलप लावला. जूनमध्ये पोस्टर लागले. पऱ्हाटी माझी, बोंड धरलेला हात माझा, चेहरा शेजारच्या गावातल्या एका देखण्या कास्तकाराचा! कृषी केंद्रासमोर उभा राहून मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो हात दाखवत असे.

त्याच हंगामात विदर्भभर गुलाबी बोंडअळी आली. बोंड फोडावे तर आत अळी. पोस्टर उतरले, पण त्या देखण्या कास्तकाराचा नंबर लोकांकडे राहिला. ‘भाऊ, पोस्टरात तं तुमीच उभे होते ना?’ एवढेच विचारायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे तो मला म्हणाला. त्याच्याही वावरात तीच अळी होती. कंपनीचा पोरगा फोन उचलत नव्हता. हा मात्र रात्री जेवता जेवता उठून प्रत्येकाचा घ्यायचा. नफा कोणाचा आणि जबाब कोणी द्यायचा! त्यानंतर मी तो हात कोणाला दाखवला नाही.

यंदा दुसऱ्या कंपनीचा पोरगा आला. ‘काका, या वेळी चेहरा तुमचाच.’ मी शर्ट इस्त्रीला टाकला, कलप आणला. खाली नंबर कोणता छापायचा, त्याने विचारले.

मी साळ्याचा दिला.