अर्ध्या अनामिकेचा पंचनामा

नागपुराहून उत्तरेस, कोराडीच्या रस्त्याने, सायकलीवर बसून खापरखेड्यास जाऊ पाहणाऱ्या मनुष्यास गावाआधी धुराड्यांचे दर्शन घडते; परंतु प्रथम दिसतात ती कोराडीच्या वीजकेंद्राची असल्यामुळे, 'आलेच की गाव' अशा समाधानात पायडल मारणारा प्रवासी कोराडीच्या जगदंबेस नमस्कार करून पुढे सरकतो तोच तशीच दुसरी धुराडी क्षितिजावर उभी ठाकलेली पाहून आपण पुढे चाललो आहोत की मागे, याविषयी साशंक होतो. 2015 सालापर्यंत या संशयास जागा नव्हती. कारण इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी सातपुड्याची छोटी लाईन तोवर चालू होती, आणि तिच्या डब्यात बसलेल्या गृहस्थास धुराडी मोजण्यावाचून दुसरे कर्तव्य नसे. पुढे ती लाईन रुंद करण्यासाठी बंद झाली. रुंद झालेल्या रुळांवरून गाडी धावते खरी, परंतु तिच्या वेळेवर आपण हजर राहावे लागते. सायकलीचे तसे नाही, ती आपल्या वेळेवर हजर असते, आणि एवढ्याच एका गुणावर भाळून मी माझी काळी, वजनदार, सळ्यांच्या ब्रेकची सायकल बाहेर काढली. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत माझे एक अभियंता स्नेही राहतात आणि त्यांच्या घरचे पोहे हा या प्रवासाचा जाहीर हेतू होता.

मानकापूर ओलांडले न ओलांडले तोच माझ्या उजव्या हाताची करंगळी, रजेची कसलीही दरखास्त न देता, कामावरून नाहीशी झाली. ती जागेवर दिसत होती, हँडलाच्या मुठीस वेटोळे घालून बसली होती, परंतु तिच्याकडून कोणतीही वार्ता येईना. कोराडीच्या अलीकडे अनामिकेने तिचे अनुकरण केले, आणि तेही अर्धवट. म्हणजे करंगळीकडील अर्धी अनामिका संपूर्ण बधिर, तर मधल्या बोटाकडील अर्धी पूर्ववत सावध व रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याची इमानेइतबारे नोंद घेत असलेली. एकाच बोटाने असे दोन पक्षांत विभागून राहावे, हे मला प्रथम निव्वळ बेशिस्तीचे लक्षण वाटले. परंतु शरीरशास्त्राचे दप्तर पाहिले तर हा विभाग अगदी कायदेशीर आहे. तळहातावर दोन स्वतंत्र मज्जातंतूंचा अंमल चालतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अर्धी अनामिका एकाच्या ताब्यात, तर करंगळी व उरलेली अर्धी अनामिका दुसऱ्याच्या. एका बोटाच्या मधोमध दोन अमलांची शीव नेण्याची ही कल्पना कोणा भूमापकास सुचली असती, तर त्याच्यावर खातेनिहाय चौकशी बसली असती.

यांपैकी करंगळीचा कारभार पाहणारा तंतू मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडील उशीखाली, दोन लहान हाडांच्या मधील चिंचोळ्या वाटेने बोटांत उतरतो. ही वाट 1861 साली फेलिक्स ग्युयाँ या फ्रेंच शल्यवैद्याने वर्णिली, आणि ती अद्याप त्याच्या नावाने ओळखली जाते. हा गृहस्थ पुढे मूत्ररोगांचा धन्वंतरी म्हणून युरोपात गाजला, तेव्हा मनगटातील बोळ शोधणे हा त्याच्या उमेदवारीतील उपद्व्याप समजावा. त्या काळी सायकल बाल्यावस्थेत होती, त्यामुळे आपण शोधलेल्या बोळाच्या नेमक्या तोंडावर पुढे जगभरचे सायकलस्वार हँडल टेकवून आपला अर्धा देह त्यावर तोलणार आहेत, ही दूरदृष्टी त्याच्या ठायी असणे शक्य नव्हते. असा भार पडून वाट दाबली गेली की तंतूची ने-आण खोळंबते आणि बोटे मुकी होतात. मुंग्या उतरल्यानंतरही पकडीत जोर येईना, तर मात्र ते प्रकरण वैद्याच्या कचेरीत दाखल करावे.

कोराडीच्या एका टपरीवर तर्री-पोहे मागवून (पुढे पोहेच खायचे होते, हे खरे, पण त्यांत तर्री असेल याची हमी कोणी द्यावी?) मी डाव्या हाताने उजवा हात चोळीत असताना तेथील सर्व उपस्थितांनी माझी जबानी घेतली. एकाने साखर तपासण्यास सांगितले, दुसऱ्याने जाड हातमोजे सुचवले, आणि तिसऱ्याने आमच्याच नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांचा दाखला पुढे केला, ज्यांनी 2017 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीच्या आत एकट्याने पुरी केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत मजल मारली. हा दाखला देणाऱ्याचा हेतू मला धीर देण्याचा होता. परंतु ज्या शहराचा एक नागरिक सायबेरिया ओलांडतो त्याच शहराच्या दुसऱ्या नागरिकाची करंगळी मानकापुरास सोडून जाते, या तुलनेने धीर येण्याचा मार्ग मला सापडला नाही. एका बाबतीत मात्र संपूर्ण एकमत होते: दोष हँडलाचा आहे आणि ते बदलले पाहिजे.

हा ठराव घेऊन, कोळशाच्या ट्रकांना वाट देत देत, मी खापरखेड्याच्या रस्त्यावरील एका सायकल-मिस्त्रीपुढे उभा राहिलो. त्याने हँडलाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो चार पावले मागे सरला, सायकलीकडे आडव्या नजरेने पाहत राहिला आणि म्हणाला, "काकाजी, हँडल काहून बदलता? तुमची शीट नाक खाली घालून बसली आहे. तुम्ही पुढे घसरून राहिले, अन् हात बिचारे तुम्हाले थांबवून राहिले."

गुन्हा एका हद्दीत आणि बोंब दुसऱ्या हद्दीत, असा हा मामला होता. मिस्त्रीने गादीवर एक लाकडी पट्टी ठेवली, दुकानाच्या ओट्याची कड नजरेने तिच्याशी जुळवली, आणि खालचे नट पान्याने सैल करून गादी समपातळीत आणली. त्यानंतर, आता हँडलही हवे तर थोडे उंच करू, म्हणजे अंगाचा भार मागे सरकेल, असे म्हणून त्याने उभ्या दांड्याच्या माथ्यावरील बोल्ट थोडा सैल केला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एकच ठोका दिला, आणि दांड्याच्या पोटात दडलेली पाचर सुटताच पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन बोटे वर खेचले. हँडल वर चढले. पण त्याबरोबर ब्रेकच्या सळ्याही वर चढल्या आणि दोन्ही चाकांनी जागच्या जागी सत्याग्रह आरंभला. तारेच्या ब्रेकांना असली एकनिष्ठा माहीत नसते. सळ्यांची लांबी पुन्हा जुळवून ब्रेक मोकळे करण्यातच मिस्त्रीचा अधिक वेळ गेला. आणखी थोडे वर घेता येईल काय, या माझ्या पृच्छेवर त्याने मान हलवली. "दांडा आतमंदी राहू द्या जी, नाहीतर तुम्ही खापरखेड्यात अन् हँडल सावनेरात!"

मुठींवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची माझी सूचनाही त्याने फेटाळली, आणि ते योग्यच झाले; कारण मूठ फाजील जाड झाली की पंजा ती अधिक आवळून धरतो. त्याऐवजी टायरांतील दगडासारखी भरलेली हवा त्याने किंचित कमी केली, मनगट वाकवू नका असे बजावले, आणि हातांची जागा अधूनमधून बदलत जा, एकेक हात सोडून झटकत जा, असे सुचवले. हा शेवटचा उपाय शास्त्रशुद्ध असला, तरी राखेचे टँकर शेजारून जात असताना त्याचा अवलंब करणाऱ्याने आधी मृत्युपत्र करून ठेवावे. मोबदला त्याने हँडलाचा तेवढा घेतला. "शीट तर निसती सरळ केली, तिचे काय पैसे?" ज्या कामाने रोग गेला ते फुकट आणि ज्याने चाके अडली त्याचे दाम, हा हिशेब कोणत्या शिरस्त्यात बसतो ते त्याचे त्याला ठाऊक.

वसाहतीच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत अनामिकेच्या दोन्ही तुकड्यांत सलोखा झाला होता आणि करंगळीही मुंग्यांच्या मिरवणुकीसह कामावर रुजू झाली होती. 210 मेगावॉटचे चार आणि 500 मेगावॉटचा एक असे पाच संच ज्या केंद्रात आहेत, तेथे आयुष्य घालवलेल्या माझ्या स्नेह्यांनी मात्र माझे स्वागत करण्याआधी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, हँडल फार उंच झाले असून त्याने वाऱ्याचा विरोध वाढतो असा अभिप्राय दिला, आणि ते अर्धा इंच खाली घेण्यासाठी घरात पाना शोधू लागले. मी सायकलीस कुलूप लावले, किल्ली आतल्या खिशात टाकली आणि वहिनींना पोह्यांविषयी विचारले.